धावत्या गाडीसाठी हलकी लेन्स: कॅनन ईएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस

उजवा खांदा आखडला तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आणि मला पहिली काळजी पडली ती रेल्वेगाड्यांच्या फोटोंची. तोवर मी ७०-२०० मिमीची एफ/२.८ झूम लेन्स वापरत होते (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते आणि जास्त उजेड घेते). जवळपास दीड किलोची लेन्स. तासभर उभं राहून वाट पाहायची, आणि गाडी दिसली की पंधरा-वीस सेकंद ती डोळ्याशी स्थिर धरायची. खांदा पुढे बरा झाला, पण ती लेन्स मी विकून टाकली आणि ७६० ग्रॅमची एफ/४ घेतली. मुलगा म्हणाला, "आई, अख्खा एक स्टॉप उजेड घालवतेयस." एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड. चार वर्षं हिच्यावर गाड्या काढल्यावर त्याला हे उत्तर देतेय.

लेन्स २००६ सालची. २०१८मध्ये दुसरी आवृत्ती आली, पण मी पहिलीबद्दलच लिहितेय. अडॅप्टर (जोडकडी) लावून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर वापरते.

उजेडाचंच आधी बोलू. दिवसा गाडी काढताना मी लेन्स पूर्ण उघडतच नाही. फुल फ्रेमवर (३६ मिमी रुंद सेन्सरवर) २०० मिमीला ५० मीटरवर फोकस केला, तर एफ/२.८ला जेमतेम १०-११ मीटर खोली स्पष्ट येते. एफ/४ला साधारण १५ मीटर. इंजिन समोरून तिरकं येत असेल तर त्याचं नाक टोकदार आणि शेपटी धूसर, असं होतं. एफ/८ला ३३ मीटरच्या आसपास मिळतात, म्हणजे पूर्ण इंजिन आणि मागच्या डब्याचा काही भाग. माणसांच्या फोटोत मागचं धूसर झालेलं सुंदर दिसतं. गाडीत मात्र मला पुढच्या बफरपासून (धक्का झेलणाऱ्या गोल तबकड्यांपासून) टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पँटोग्राफपर्यंत सगळं हवं असतं.

मग खरी अडचण उरते ती वेगाची. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते, म्हणजे १/१००० सेकंदातही ती पावणेतीन सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. ५० मीटरवर २०० मिमीच्या चौकटीत साधारण ९ मीटर रुंदी मावते, म्हणून २४ मेगापिक्सेलच्या फोटोत आडव्या जाणाऱ्या गाडीची प्रत्येक कड १८ पिक्सेल फरफटते. तीच गाडी १५ अंशांच्या कोनात तुमच्याकडे येत असेल तर फरफट पाचेक पिक्सेलवर येते. नवीन शिकणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की शटरचा वेग वाढवण्याआधी जागा बदला. वळणाच्या बाहेरच्या बाजूला, रुळांपासून भरपूर लांब उभं राहा. २०० मिमी हातात असताना जवळ जायचं कारणच नाही, आणि जवळ जाऊ नयेच.

शटरचा वेग वाढवण्यात आणखी एक नुकसान आहे. गाडीच्या तोंडावरची एलईडी पाटी सलग पेटलेली नसते, तिच्या ओळी आलटून पालटून पेटतात. १/१०००ला नावाची दोन-तीन अक्षरं तुटलेली येतात. १/१२५च्या आसपास बहुतेक पाट्या पूर्ण वाचता येतात, पण तेवढ्या शटरला गाडीच फरफटते. इथे पॅनिंगला, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढण्याला, पर्याय नाही, आणि पॅनिंगमध्येच ही लेन्स मला सगळ्यात जास्त आवडते.

स्टॅबिलायझरचं बटण दोनवर ठेवलं की तो आडव्या हालचालीला अडवत नाही, फक्त वर-खालचा थरथराट सावरतो. झूम करताना नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल जिथल्या तिथे राहतो. पाय रोवून, कोपरं बरगड्यांना टेकवून मी कमरेतून वळते. ५० मीटरवरून जाणारी गाडी समोर येते तेव्हा सेकंदाला ३० अंशांहून थोडं जास्त वळावं लागतं. दीड किलोच्या लेन्सला त्या वळणात हिसका बसायचा, हिला बसत नाही. १/३०ला दहातला एखादा फोटो जमतो, १/६०ला तीन-चार. पूर्ण गाडी मात्र कधीच स्पष्ट येत नाही. लेन्स इंजिनाच्या तोंडावर खिळवली की मागचे डबे वेगळ्या गतीने फिरतात. आधी तोंड की पँटोग्राफ हे ठरवा, मगच वळा.

फोकस वेगवान आहे. जवळची मर्यादा ३ मीटरवर ठेवायची कळ आहे, ती मी कायम लावून ठेवते. मध्ये हलणाऱ्या गवताच्या पात्यावर फोकस अडकत नाही. एका गोष्टीत मात्र कुठलीच लेन्स मदत करत नाही. सेकंदाला सात फोटोंचा बर्स्ट (लागोपाठ फोटोंची मालिका) लावला तरी दोन फोटोंमध्ये गाडी चार मीटर पुढे गेलेली असते. इंजिन नेमकं सिग्नलच्या खांबाशी हवं असेल तर बोटानेच वेळ साधावी लागते. मी खांबाशेजारच्या स्लीपरवर आधीच फोकस लावून ठेवते आणि एकदाच दाबते.

भर दुपारी खडी तापली की २०० मिमीला रूळ पाण्यासारखे हलताना दिसतात. तेव्हा मी कॅमेरा बंद करते.

राहिली संध्याकाळ. इथे मुलगा बरोबर होता, एफ/४ खरंच कमी पडतो. १/१००० हवा असेल तर आयएसओ (सेन्सरची उजेडाला दाद देण्याची क्षमता) इतका चढवावा लागतो की इंजिनाचा रंग मळतो. तुम्ही मुख्यतः तिन्हीसांजेच्या गाड्या काढत असाल तर ही घेऊ नका. अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक यांनी १९५५ ते १९६०च्या दरम्यान नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेची शेवटची वाफेची इंजिनं रात्री टिपली, ती फ्लॅशबल्बच्या रांगा मांडून. तो खटाटोप माझ्या आवाक्यातला नाही, आणि येणाऱ्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांवर अचानक फ्लॅश मारायला माझं मन धजत नाही. शेवटच्या गाडीला मी १/३०वर येते आणि पॅन करते.

गेल्या महिन्यात तसाच एक फोटो जमला. मागचे डबे म्हणजे खिडक्यांच्या पिवळ्या रेषा, आणि पुढे चालकाचा उचललेला हात, बोटं मोजता येतील इतका स्पष्ट. तो छापून मी मुलाच्या खोलीत लावलाय.