जुन्या गाड्यांची मोटोक्रॉस: रोडकिंग न्यावी की आरएक्स १००?

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांच्या मोटोक्रॉसमध्ये, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीत, नाव नोंदवायचंय, दारात येझ्दी रोडकिंग आहे आणि मित्र त्याची यामाहा आरएक्स १०० द्यायला तयार आहे. पहिल्यांदाच मातीत उतरणार असाल तर मी आरएक्स न्यायला सांगेन. पण निर्णय गाडीआधी ट्रॅकवर ठरतो.

१९७३ साली स्वीडनच्या हाकान आंडरसनने यामाहाच्या मोनोशॉकवर, म्हणजे मागे एकच शॉकअप असलेल्या गाडीवर, मोटोक्रॉसचं २५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. पुढे सस्पेन्शन लांब होत गेलं, तशा ट्रॅकवरच्या उड्याही उंच झाल्या. आपल्या दोन्ही गाड्या मागे दोन शॉकअपवाल्या आणि रस्त्यासाठी बनवलेल्या. उंच उडीवरून आपटल्या की आधी शॉकअप बसतात, मग फ्रेमला तडे. म्हणून जुन्या गाड्यांसाठी ट्रॅक नव्याने आखताना उड्या कापून वळणं आणि चढ-उतार वाढवले आहेत का, हे शर्यतीआधी पायी फिरून बघाच.

वळणं आखूड आणि मुरूम भुसभुशीत असेल तर आरएक्स. ९८ सीसी, ११ बीएचपी ताकद, वजन जेमतेम १०३ किलो. आडवी झाली तरी एकट्याने उचलता येते. मात्र इंजिन वरच्या आरपीएमला, म्हणजे जोरात फिरतं, ठेवावं लागतं. चढावर आरपीएम पडले की गाडी मरगळते आणि खालचा गिअर टाकावाच लागतो.

रोडकिंग २५० सीसीची, १६ बीएचपीची. लांब चढावर कमी आरपीएमलाही तिची ओढ अशी की गिअर न बदलता माथा गाठता येतो. मला मनापासून आवडते ती हीच गाडी. पण वजन १४० किलोच्या आसपास, आणि दोन्ही बाजूंचे सायलेन्सर खोल चाकोरीत घासतात. खरी अडचण किकची. येझ्दीत किक आणि गिअरचा दांडा एकच. चिखलात गाडी बंद पडली की आधी न्यूट्रल शोधा, दांडा आत दाबून वर फिरवा, किक मारा, मग पुन्हा पुढे आणून पहिला टाका. बूट चिखलाने माखलेला असताना एवढं होईस्तोवर दोन-तीन गाड्या पुढे गेलेल्या असतात. याचा सराव घरी डोळे मिटून करा.

सुट्या भागांसाठी आधी कुर्ल्याचा सीएसटी रोड, मग चोर बाजार धुंडाळा. आरएक्सचे पार्ट लवकर मिळतात. येझ्दीला जुना जाणकार मेकॅनिक हवाच, आणि तो शर्यतीच्या दिवशी सोबत आला तर फारच उत्तम.

मुंबईहून घाटापलीकडे जायचं तर दुचाकीला एक्स्प्रेसवे बंद. छोटा हत्ती ठरवा. दोन्ही गाड्या त्यात मावतात. मग आरएक्स शर्यतीला लावा आणि रोडकिंग सरावाच्या फेरीत चढावर चालवून बघा.