एनपीएस टियर-1: स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी किती कामाचे?

राष्ट्रीय पेन्शन योजना, म्हणजे एनपीएस, 1 मे 2009 पासून सर्वांना खुली आहे. टियर-1 हे तिचे मुख्य पेन्शन खाते. तरीही दुकानदार, कंत्राटदार, डॉक्टर, आर्किटेक्ट यांना ती आठवते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि तीही कर वाचवण्यापुरती. आमचे मत उलटे आहे. स्वस्त आणि शिस्तीचे पेन्शन खाते म्हणून एनपीएस चांगलेच आहे. मात्र बहुतेक छोट्या व्यावसायिकांना आता त्यातून एका रुपयाचाही कर वाचत नाही. ही गोष्ट खाते उघडतानाच कळायला हवी.

आधी करसवलत पाहू. आकडे आर्थिक वर्ष 2025-26 चे आहेत. जुन्या करप्रणालीत व्यावसायिकाला एकूण ढोबळ उत्पन्नाच्या 20 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते, पण ती कलम 80सी सह 1.5 लाखांच्या एकत्रित मर्यादेत. त्यावर फक्त एनपीएससाठी असलेल्या 80सीसीडी(1बी) खाली आणखी 50 हजार. नव्या प्रणालीत यातले काहीच मिळत नाही, आणि मुळात आता तीच प्रणाली गृहीत धरली जाते.

एक किराणा दुकान घ्या. वर्षाची उलाढाल 1.5 कोटी आणि सगळी जमा यूपीआय-बँकेतून. छोट्या धंद्याचा नफा उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी धरणाऱ्या कलम 44एडीखाली 6 टक्क्यांनी नफा 9 लाख. नव्या प्रणालीत 12 लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. या माणसाला ‘50 हजार भरा, कर वाचवा’ सांगणे चूक आहे, कारण वाचवायला करच नाही.

आता 15 लाख नफ्याचा सल्लागार घ्या. नव्या प्रणालीत उपकर सोडून कर 1,05,000. जुन्या प्रणालीत तेवढाच कर यायचा तर वजावटी 5,37,500 च्या हव्यात. 80सी चे दीड लाख, एनपीएसचे 50 हजार, गृहकर्जाचे व्याज 2 लाख, स्वतःचा आरोग्यविमा 25 हजार, ज्येष्ठ आईवडिलांचा 50 हजार: बेरीज 4.75 लाख. म्हणजे सगळे करूनही नवी प्रणालीच स्वस्त. नफा 24 लाखांवर गेला की हा आकडा 7.75 लाखांवर जातो.

शिवाय व्यावसायिकाला पगारदारासारखी दरवर्षी प्रणाली बदलता येत नाही. जुनी हवी असेल तर विवरणपत्राच्या मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. एकदा नव्यात परतलात की धंद्याचे उत्पन्न असेपर्यंत जुनीचे दार बंद. पन्नास हजारांच्या वजावटीसाठी हा निर्णय घाईत घेऊ नये.

नव्या प्रणालीतही टिकलेली सवलत एकच: मालकाने कर्मचाऱ्याच्या खात्यात भरलेली रक्कम, मूळ पगाराच्या 14 टक्क्यांपर्यंत. एकल मालकी असलेला स्वतःचा नोकर नसतो, भागीदारही नसतो, त्यामुळे दोघांनाही ती लागू नाही. पण धंदा प्रायव्हेट लिमिटेड असेल आणि संचालक रीतसर पगार घेत असेल, तर ही सवलत सोडू नये. मूळ पगार महिना 1 लाख असेल तर वर्षाला 1,68,000 रुपये कंपनीचा खर्च धरले जातात आणि संचालकाच्या हाती करपात्रही होत नाहीत. अट एवढीच की कंपनीची कॉर्पोरेट एनपीएस नोंदणी हवी, रक्कम पगारपत्रकात दिसावी आणि कंपनीच्या खात्यातून जावी. संचालकाने स्वतःच्या खात्यातून भरली तर ही सवलत गेली.

हिशेबातली एक नेहमीची चूक इथेच सांगतो. एकल मालकाने भरलेली एनपीएसची रक्कम ही उचल आहे, धंद्याचा खर्च नव्हे. ती नफा-तोटा पत्रकात टाकली की नफा खोटा कमी दिसतो.

मग कर वाचत नसेल तर खाते उघडायचे का? होय, खर्चामुळे. निधी सांभाळण्याचे शुल्क 1 लाखावर वर्षाला शंभर रुपयांच्या आसपास असते. महागड्या योजनांच्या तुलनेत वीस-पंचवीस वर्षांत हा फरक मोठा होतो. वर्षाला किमान 1000 रुपये पुरतात, वरची मर्यादा नाही, त्यामुळे दिवाळीचा धंदा चांगला झाला की जास्त भरा, पावसाळ्यात हात आखडा. हप्त्याची सक्ती नसणे हे धंदेवाल्यासाठी खरे मोलाचे आहे. पैसे कुठे गुंतवायचे ते न निवडता ‘ऑटो’वर ठेवलेत तर सहसा एलसी-50 ही वयानुसार वाटणी लागते, ज्यात शेअरचा 50 टक्के वाटा 35 व्या वर्षानंतर दरवर्षी 2 टक्क्यांनी उतरतो. स्वतः निवडल्यास नेहमीच्या योजनांत शेअरमध्ये 75 टक्क्यांपर्यंत, तर ऑक्टोबर 2025 पासून आलेल्या काही योजनांत 100 टक्क्यांपर्यंत जाता येते.

दोष पैशाच्या अडकण्यात आहे. तीन वर्षांनंतर स्वतः भरलेल्या रकमेच्या 25 टक्केच काढता येतात, तेही ठरावीक कारणांसाठी. त्यावरची वाढ हिशेबात धरली जात नाही. मुदतीआधी बाहेर पडलात तर मोठ्या निधीच्या 80 टक्क्यांची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित पेन्शन, घ्यावी लागते. म्हणून खेळते भांडवल इथे कधीच टाकू नये. साठीनंतर, डिसेंबर 2025 च्या नियमबदलाने, बिगरसरकारी सभासदाला 80 टक्क्यांपर्यंत एकरकमी मिळू शकतात. पण 1961 च्या आयकर कायद्यातली करमाफी 60 टक्क्यांपुरतीच आहे. ॲन्युइटीचे दरमहा पैसे तर करपात्रच असतात.

पीपीएफशी (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) तुलना होणारच. तिथे 7.1 टक्के व्याज नव्या प्रणालीतही करमुक्त, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कर्जवसुलीच्या दाव्यात न्यायालयाच्या हुकुमाने त्यावर जप्ती येत नाही. उधारी-कर्जावर चालणाऱ्या धंद्यात आधी पीपीएफ, ते त्या महिन्याचे व्याज मिळावे म्हणून 5 तारखेआत, आणि मग एनपीएस, असा क्रम आम्ही सुचवू.

एनपीएसचे खाते ईएनपीएस या संकेतस्थळावर आधार ओटीपीने घरबसल्या निघते. आधार आणि पॅनवरचे नाव जुळत नसेल तर ते आधी दुरुस्त करा, नाहीतर पडताळणी तिथेच अडते. पैसे भरायला डी-रेमिट वापरा: टियर-1 चा आभासी खाते क्रमांक बँकेत लाभार्थी म्हणून जोडायचा आणि 500 पासून हवे तेव्हा पाठवायचे. सकाळी 9.30 च्या आत रक्कम पोहोचली की त्याच दिवसाचा युनिटचा भाव मिळतो. टियर-2, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येणारे ऐच्छिक खाते, याचा क्रमांक वेगळा असतो. रक्कम चुकून तिकडे गेली तर टियर-1 ची वजावट मिळत नाही. जुन्या प्रणालीत असाल तर 31 मार्चची वाट न पाहता आठवडाभर आधी भरा.