आयटीआय, छोटा कोर्स की उद्यापासून कामावर? सांगलीतल्या एका घराचा हिशेब

संजयनगरच्या एका काकू परवा मार्केट यार्डाच्या रस्त्यावर भेटल्या. बेदाणा निवडायला जातात, हंगाम नसला की हळदीला. (सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. निवडणाऱ्या बायांच्या हजेरीला अजून कसलं मानांकन मिळालेलं नाही, ते असो.) पोरगा दहावी झालाय, सोळा वर्षांचा. कुपवाडच्या एमआयडीसीत एक ठेकेदार त्याला उद्यापासून हेल्पर म्हणून घ्यायला तयार आहे. थोरली मुलगी अठ्ठावीस वर्षांची, माहेरी परत आलेली, पदरात चार वर्षांची पोर. तिलाही काहीतरी धरायला हवं.

"तुम्ही कारखान्यात होता, तुम्हीच सांगा," काकू म्हणाल्या. "पण आयटीआय सांगणार असाल तर आधी हे सांगा, दोन वर्षं ह्यानं शिकायचं म्हटल्यावर घर कुणी चालवायचं?"

हा प्रश्न कुठल्याही कोर्सच्या माहितीपत्रकात नसतो. तिथं फी असते, मुदत असते, सर्टिफिकेटचा फोटो असतो. म्हणून या सगळ्या वाटा मी काकूंच्या प्रश्नावर घासून बघितल्या. अशाच पेचात दुसरं कुणी असेल तर त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहितोय.

आधी पोराचं

सरळ हिशेब मांडू. धरा, हेल्परला महिन्याला बारा हजार मिळतात. दोन वर्षांचे झाले २ लाख ८८ हजार. आयटीआयची खरी फी ही आहे, पावतीवरची रक्कम त्यापुढं किरकोळ. "सरकारी आयटीआय तर जवळजवळ फुकट आहे, तरी ही पोरं का जात नाहीत?" असं विश्रामबागेसारख्या सुखवस्तू भागात बसून म्हणणाऱ्यांना हा आकडा दिसत नाही.

आता दुसरी बाजू. मी सव्वीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवायच्या विभागात काढली, त्यामुळं हे जरा सविस्तर सांगतो. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर नवा पोरगा उभा केला की त्याचं काम एवढंच: पार्ट चकमध्ये (पकडीत) लावायचा, दार ओढायचं, हिरवं बटण दाबायचं. मशीन थांबलं की पार्ट काढायचा, हवा मारायची, गेजला, म्हणजे मापाच्या साच्याला लावून बघायचा. गेज गेला तर क्रेटमध्ये, नाही गेला तर सेटरला, म्हणजे मशीन जुळवणाऱ्या कारागिराला हाक. सेटर येतो, पार्ट मायक्रोमीटरला धरतो, टूल किती झिजलंय ते बघून दोन आकडे बदलतो आणि निघून जातो. दोन मिनिटांचं काम. पण पगारातला सगळा फरक त्या दोन मिनिटांत आहे. हेल्पर म्हणून चिकटलेला पोरगा वर्षा-दोन वर्षांत 'ऑपरेटर' म्हणवून घेतो, पण ते आकडे का बदलले हे त्याला कुणी सांगत नाही. ड्रॉइंग वाचता येत नाही, टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालतो, ते माहीत नाही. आठ वर्षांनीही तो बटणच दाबत असतो, आणि त्याच्या जागी आणखी स्वस्त पोरगा मिळत असतो. अपवाद असतात. आमच्याकडं एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत सेटरच्या मागं मागं फिरून शिकला. पण असे पोरगे मला दोन हातांच्या बोटांवर मोजता येतील.

ठेकेदाराकडं जायचंच असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. "आम्ही काही कापत नाही, पगार पूर्ण हातात देतो" हे वाक्य उपकारासारखं सांगितलं जातं. त्याचा अर्थ पीएफ नाही, ईएसआय म्हणजे कामगार विमा नाही. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यात २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू असतं. कामगाराच्या पगारातून त्यासाठी पाऊण टक्का जातो, म्हणजे बारा हजारांवर नव्वद रुपये. मालकाला सव्वातीन टक्के भरावे लागतात. त्या नव्वद रुपयांत पोराला आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईलाही दवाखाना मिळतो. दुखण्यापायी फायनान्सवाल्यांचं कर्ज काढलेल्या घराला ही रक्कम काय चीज आहे ते सांगायला नको.

आणि मुख्य अडचण मी काकूंना शेवटी सांगितली, खरं तर आधी सांगायला हवी होती. पोरगा सोळाचा आहे. १४ ते १८ वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवायला २०१६ च्या कायदादुरुस्तीनं बंदी आहे. ठेकेदारानं आधारकार्ड मागितलं नव्हतं. तो विसरला असं समजू नका. उद्या प्रेसखाली बोट गेलं तर हा पोरगा त्या गेटच्या आत होता याची नोंदच कुठं नसेल.

आता आयटीआय. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे ट्रेड. वेल्डर एक वर्षाचा, आणि त्याला आठवी पासही चालतं. कुपवाड-मिरजेच्या पट्ट्यात मशीनशॉप आणि फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आहेत, म्हणून माझं मत मशिनिस्ट किंवा टर्नर. ज्याला कुणाच्या हाताखाली राहायचं नाही त्यानं इलेक्ट्रिशियन घ्यावं, मीटरपासून मोटरीपर्यंत गल्लीतच काम मिळतं. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झालं की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि सरकारी पॉलिटेक्निक मिरजेतच आहे. ही शिडी हेल्परला नाही आणि छोट्या कोर्सलाही नाही.

पण आयटीआय म्हणजे सोनंच असंही नाही. प्रवेश घेण्याआधी वर्कशॉपमध्ये जाऊन या. लेथ किती आहेत हे विचारू नका, चालू किती आहेत ते विचारा. मशीनखाली धातूचा ताजा कीस पडलेला दिसला तर शिकवणं चालू आहे.

छोट्या कोर्सवर फार वेळ घालवत नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून आहे, कोर्स काहीशे तासांचे असतात आणि फी नसते. आधीच कामावर असलेल्याला नवी गोष्ट शिकायला चांगले. सोळा वर्षांच्या, हातात काहीच नसलेल्या पोराला तीन महिन्यांत कुणी कारागीर करत नाही. सेंटरवाल्याला एवढंच म्हणा, "मागच्या बॅचची तीन पोरं आता कुठं कामाला आहेत, त्यांच्याशी बोलू द्या." तो चहा मागवायला लागला तर उठून या.

उरली ॲप्रेंटिसशिप, म्हणजे कारखान्यात विद्यावेतन घेत काम शिकणं, आणि काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथं आहे. १९६१ च्या कायद्यानं ही सोय केली. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला ठराविक प्रमाणात ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणं महिना ५ हजार ते ९ हजार ठरलं: दहावीला ६ हजार, आयटीआयवाल्याला ७. राष्ट्रीय ॲप्रेंटिसशिप योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त दीड हजार, सरकार उचलतं. म्हणजे शिकताना चूल अर्धी तरी पेटती राहते. तोटे बघा: कायद्यानं ॲप्रेंटिस हा कामगार धरला जात नाही, मुदत संपल्यावर कामावर ठेवायला मालक बांधील नसतो. आणि काही ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणजे झाडू मारायला मिळालेला स्वस्त हेल्पर. करार ॲप्रेंटिसशिपच्या सरकारी पोर्टलवर नोंदला का, नंबर काय, हे पहिल्याच दिवशी मागून घ्या. नंबर नसेल तर तो ॲप्रेंटिस नव्हेच.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या पोराला नाही, तिला वय अठरा आणि किमान बारावी किंवा आयटीआय लागतं. २०२४ मध्ये ती सहा महिन्यांची होती, पुढं अकरा महिने झाली. बारावीला ६ हजार, आयटीआयला ८, पदवीला १०. मुदत संपलेली मुलं कायम करा म्हणून रस्त्यावर उतरली, यावरून काय ते समजा.

तर पोरासाठी माझा कौल: आयटीआय, मशिनिस्ट, आणि पास होताच ॲप्रेंटिस. घरात कमावतं दुसरं कुणीच नसेल तर आधी ॲप्रेंटिस. हेल्पर नको.

आता मुलीचं, आणि हे अवघड आहे

तिच्यासमोर दोन गोष्टी. एक, घरी शिलाई. ब्लाऊज तिला येतो, फॉल-पिको करते, मशीन आईचं जुनं. दोन, मिरजेत खासगी दवाखान्यात वॉर्डातलं काम. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. मिशन हॉस्पिटल १८९४ चं, सरकारी मेडिकल कॉलेज १९६२ चं, आणि त्यांच्याभोवती खासगी दवाखान्यांची रांग. आया-मावशी, रुग्णाजवळ बसणारी बाई, यांना मागणी कायम. नर्सिंगचा कोर्स करायचा तर एएनएम या सगळ्यात खालच्या कोर्सलाही बारावी लागते. ती दहावी. तेव्हा वॉर्डाच्या पुढं लगेच जाता येणार नाही. माणसं पुरवणाऱ्या ब्युरोमार्फत गेली तर ब्युरो आपला वाटा कापणार, तो किती हे आधी विचारायचं.

मी शिलाईच्या बाजूनं होतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत, त्यात शिंपी आहे. पाच ते सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज पाचशे रुपये भत्ता, साहित्यासाठी १५ हजारांचं व्हाऊचर. नंतर पाच टक्क्यांनी आधी एक लाख आणि ते फेडलं की दोन लाख कर्ज. ही योजना घरातल्या एकालाच मिळते. प्रशिक्षण घ्यावं, व्हाऊचर घ्यावं, कर्जाला मात्र सहा महिने हात लावू नये, असं माझं मत. ज्या घरात आधीच फायनान्सच्या गटकर्जाचा आठवड्याचा हप्ता चालू आहे तिथं स्वस्त कर्जसुद्धा कर्जच.

शिलाईतला आणखी एक धोका सांगलीचाच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. सखल भागातल्या ओळखीच्या एका शिवणाऱ्या बाईनं तेव्हा मशीनचं डोकं सोडवून माळ्यावर टाकलं, ते वाचलं. गिऱ्हाइकांची अठरा ब्लाऊजपिसं गेली आणि ती भरून देता देता दिवाळी उलटली. संजयनगरात पुराचं पाणी येत नाही, पण गिऱ्हाइकाच्या घरात आलं की त्या वर्षी नवा ब्लाऊज कोण शिवतंय?

दवाखान्याचं पारडं जड करणारी गोष्ट एकच, ठरलेल्या तारखेचा पगार. हलकं करणाऱ्या तीन: बारा तासांची ड्यूटी, आठवडा-पंधरा दिवसांनी येणारी रात्रपाळी, आणि सांगली-मिरज जाण्यायेण्यातला वेळ. अंगणवाडी दुपारच्या सुमाराला सुटते. तिथून रात्री आठपर्यंत चार वर्षांच्या पोरीनं कुठं राहायचं? बायकांना कुशल करू म्हणणाऱ्या सगळ्या योजना एका बाजूला ठेवा आणि वस्तीत संध्याकाळपर्यंत चालणारं एक पाळणाघर दुसऱ्या बाजूला. मी पाळणाघर उचलेन. लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, ते पोरगी सांभाळणाऱ्या शेजारणीला द्यायलाही पुरत नाहीत.

हे सगळं मी मुलीला समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, दवाखान्यात सात तारखेला पगार होतो म्हणजे होतो. ब्लाऊजची बाई पुढच्या आठवड्यात देते म्हणते. त्या आठवड्यावर भावाचं आयटीआय कसं चालवायचं?"

ती दवाखान्यात लागली. शिलाई रविवारी. पोराचा अर्ज भरलाय, पहिली पसंती मशिनिस्ट. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपली होती, त्यासाठी काकूंची दोन दिवसांची हजेरी बुडाली. दुपारी अंगणवाडी सुटल्यावर पोर कुणाकडं, हे अजून ठरायचंय.