पॉन्सेटी उपचार: प्लास्टरचे काम उत्तम, बुटांबाबतचे मार्गदर्शन अपुरे

आमच्या शेतकरी कुटुंबातल्या पुतण्याची दोन्ही पावले जन्मतःच आत आणि खाली वळलेली होती. ज्या रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात त्याच्यावर पॉन्सेटी पद्धतीने उपचार झाले, तेथील सेवेबद्दल हा अभिप्राय आहे. डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी आयोवा विद्यापीठात विकसित केलेल्या या पद्धतीत मोठी शस्त्रक्रिया बहुधा टळते. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडे थोडे वळवून, गुडघा काटकोनात ठेवून, बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात आणि साधारण ५ ते ७ प्लास्टरांत पावलाला आकार येतो.

हे काम त्या विभागात फार जाणतेपणाने होते. बाळ दूध पीत असतानाच डॉक्टर पाऊल हाताळत, त्यामुळे ते क्वचितच रडे. प्लास्टर घट्ट होऊन रक्तपुरवठा अडत नाही ना हे कळावे म्हणून, बाळाच्या पायाचे बोट दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला भाग लगेच गुलाबी होतो का, हे वहिनींना स्वतः तपासायला लावल्याशिवाय घरी सोडत नसत. जुने प्लास्टर तिथेच, नवे घालण्याच्या जरा आधी काढत, कारण आदल्या रात्री काढले तर पाऊल पुन्हा मागे वळू लागते. शेवटी टाचेमागची ताठ शीर (स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारा कंडरा) स्थानिक भूल देऊन छेदली आणि ती योग्य लांबीवर जुळून यावी म्हणून ३ आठवड्यांचे प्लास्टर घातले.

माझी तक्रार त्यापुढची आहे. दांडीने जोडलेले बूट पहिले ३ महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर मूल ४-५ वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. त्यात खंड पडला की पाय पुन्हा वळण्याचा धोका फार वाढतो. एवढी महत्त्वाची गोष्ट आम्हाला घाईघाईत, एका छापील कागदावर सांगण्यात आली. पेरणीच्या दिवसांत आईवडील पहाटेच शेतावर जातात, बाळ आजीजवळ असते, आणि नातवाचे रडणे न सोसून पट्टे सैल करते ती आजीच. टाच बुटात पूर्ण टेकवून घोट्यावरचा पट्टा आधी कसा आवळायचा, हे तिला समोर बसवून दाखवायला हवे होते.

मोठ्या मापाचे बूट येण्यासही उशीर झाला, जो या उपचारात परवडत नाही. तरीही प्लास्टरच्या कामासाठी मी हाच विभाग सुचवीन. मात्र पहिल्याच दिवशी पुढच्या मापांचे बूट किती दिवसांत मिळतील हे लेखी घ्यावे आणि दिवसभर बाळ ज्यांच्याजवळ असते, त्यांना सोबत न्यावे.