एका कॉलवर अख्खं गाव: ग्रामसुरक्षा यंत्रणा आणि ११२, एका पोलीस पाटलाचा अभिप्राय

ज्यांच्या गावात ग्रामसुरक्षा यंत्रणा अजून आलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. गावातल्या लोकांचे मोबाईल नंबर यंत्रणेत नोंदवलेले असतात. चोर, आग, बिबट्या, अपघात, काहीही झालं की टोल-फ्री नंबर लावायचा आणि आपलं नाव, गाव, काय घडलंय ते सांगायचं. तोच आवाज, जसाच्या तसा, लगेच सगळ्यांच्या मोबाईलवर कॉल होऊन जातो. अॅप नाही, इंटरनेट नाही. साध्या बटणाच्या मोबाईललाही चालतं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या खिशात अजून तेच मोबाईल आहेत, त्यामुळे मला हीच गोष्ट सर्वात मोलाची वाटते.

मी शिरूर तालुक्यातल्या एका गावची पोलीस पाटील. गावात सगळे ताईच म्हणतात, भांडायला आलेलेही. आमचा भाग उसाचा, आणि ऊस तिथं बिबट्या. वस्त्या विखुरलेल्या, दोन घरांत अर्धा किलोमीटरचं अंतर. पूर्वी गोठ्यात बिबट्या शिरला की ओरडून घसा फुटायचा आणि शेजारी सकाळी विचारायचा, काल काय झालं होतं? आता एक बाई कॉल करते, पाच मिनिटांत चारी बाजूंनी बॅटऱ्या पेटतात, ट्रॅक्टरचे हॉर्न वाजतात, जनावर निघून जातं. मागं एकदा रात्री कडब्याच्या गंजीला आग लागली तेव्हा बागायतदारांनी मोटारी चालू करून पाईप ओढत आणले. अग्निशमनची गाडी तालुक्याहून येईपर्यंत आग आटोक्यात होती. या कामासाठी पाचपैकी पाच, त्यात कंजुषी नाही.

पण हीच यंत्रणा मिनिटाभरात मदत गोळा करते तशी झुंडही गोळा करते. कॉल आल्यावर माणूस हातात काय घेऊन घराबाहेर पडतो, ते त्या काही सेकंदांत काय बोललं गेलं त्यावर ठरतं.

२०२४ चा पावसाळा आठवा. बीड, जालना, संभाजीनगर करत रात्रीच्या ड्रोनची हवा आमच्या पुणे जिल्ह्यात पोचली होती. आकाशात लाल-हिरवे दिवे दिसायचे, आणि ड्रोननं घरं हेरून चोर येतात अशी बोलवा. पोरं रात्रभर जागी, हातात काठ्या, कुऱ्हाडीचे दांडे. अशाच एका रात्री कॉल आला: "वस्तीवर चोर आलेत, पोरगं पळवलंय, पांढरा पिकअप आहे, सोडू नका." शेवटचे दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

मी पोचले तेव्हा पिकअपची चावी एकाच्या खिशात गेली होती आणि दोन माणसं शाळेच्या ओट्यावर बसवलेली. एकाचा शर्ट खांद्यापासून फाटलेला, गालावर पाच बोटं उमटलेली. गाडीत प्लास्टिकचे रिकामे क्रेट, त्यांना कोंबड्यांची पिसं चिकटलेली. भोवती शे-दीडशे माणूस, निम्म्यांचे मोबाईल व्हिडिओ काढण्यात गुंतलेले. मी ओट्यावर चढून एकच विचारलं, "पोरगं कुणाचं गेलंय? नाव सांगा." कोणी बोलेना. परत विचारलं. मागून कोणीतरी म्हणालं, "खालच्या वस्तीवरचं असंल." खालच्या वस्तीवरचे लोक तिथंच उभे होते, त्यांनी एकमेकांकडं बघितलं. तेवढ्यात पोल्ट्रीवाला बर्म्युडावर धावत आला. त्याच्या शेडवर त्या रात्री माल भरायचा होता. कोंबड्या रात्रीच भरतात, दिवसा उन्हानं मरतात, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. गाडी एक फाटा चुकली होती, बास.

पोरगं पळवल्याचा कॉल कुणाचा, हे शोधायला सायबर सेल लागला नाही. अख्ख्या गावानं त्याचाच आवाज ऐकला होता. बावीस वर्षांचा गडी, पोलीस भरतीची तयारी करणारा, रोज पहाटे रस्त्यावर धावतो. गाडी बघून घाबरलो म्हणाला. चोराचं ठीक आहे, पण पोरगं? "तसं म्हटल्याशिवाय लोक उठत नाहीत, ताई." दुसऱ्या दिवशी त्याची आई माझ्या दारात, तेवढं मिटवून टाका म्हणून.

मिटवायचं माझ्या हातात नसतं, आणि असतं तरी मिटवलं नसतं. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण यंत्रणा कशी वापरायची हे लोकांना शिकवलं जातं, तिचा गैरवापर केला तर काय होतं हे कोणी सांगत नाही. नंबर काळ्या यादीत जातो, एवढंच माहीत असतं. लोकांत घबराट पसरेल अशी खोटी बातमी किंवा अफवा मुद्दाम पसरवली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३५३, तीन वर्षांपर्यंत कैद. पोलिसांना किंवा कुठल्याही सरकारी नोकराला खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास होईल असं काम करायला लावलं तर कलम २१७: एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १८२ मध्ये हेच सहा महिने आणि हजार रुपये होतं. २१७ मध्ये एक मेख आहे. ज्या अधिकाऱ्याला खोटी माहिती दिली त्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं न्यायालयात लेखी तक्रार केल्याशिवाय खटला उभा राहत नाही. ठाण्यात आधीच कामाचा ढीग, त्यात ही लिखापढी कोण करणार? म्हणून बरेच जण दम देऊन सोडले जातात, आणि मग गावात पसरतं की काही होत नाही. होतं. गुन्हा दाखल झाला तर भरतीत निवड होऊनही चारित्र्य पडताळणीत नोंद निघते. हे ऐकून त्या माउलीचा चेहरा जेवढा उतरला तेवढा तीन वर्षं कैदेनं उतरला नव्हता.

आता चापट मारणाऱ्यांकडे येते. यांना वाटतं, चोर पकडला म्हणजे आपण कायद्याचंच काम केलं. पकडायचा अधिकार नागरिकाला आहे, नाही असं नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे, आपल्या डोळ्यांदेखत दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्कानं मिळत नाही असा) गुन्हा करणाऱ्याला पकडता येतं. पण विनाकारण वेळ न घालवता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. डोळ्यांदेखत, हा शब्द लक्षात ठेवा. कॉलवर ऐकलेलं डोळ्यांदेखत होत नाही. आणि पकडायच्या अधिकारात एक चापटसुद्धा बसत नाही. डांबून ठेवलं तर न्याय संहितेचं कलम १२७, मारलं तर ११५, आणि बेकायदा जमावात असाल तर कलम १९० प्रमाणे एकानं केलेलं सगळ्यांच्या अंगावर येतं. "मी नुसता उभा होतो, व्हिडिओ काढत होतो" हे सांगायला जामिनाच्या तारखेपर्यंत थांबावं लागतं. वर त्या व्हिडिओत आपलीच तोंडं असतात.

ज्यांना हे पुस्तकी वाटतं त्यांनी धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवावं. १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा दिवस. सोलापूरकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी, पोरं पळवणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले. किंवा पालघरचं गडचिंचले, १६ एप्रिल २०२०: दोन साधू आणि त्यांचा चालक, अशाच अफवेतून झुंडीनं मारले. शंभरावर लोकांना अटक झाली. आदिवासी पाड्यांवर त्याचा अर्थ काय होतो ते मी वेगळं सांगायला नको. राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, १ जुलै २०२४ ला, न्याय संहिता लागू झाली. तिच्यात कलम १०३(२) आहे: पाच किंवा जास्त जणांनी मिळून जात, समुदाय, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून खून केला तर प्रत्येकाला फाशी किंवा जन्मठेप. चोर समजून मारलं तर हे पोटकलम लागतं का, यावर वकील भांडत बसतील. साधं खुनाचं १०३(१) आहेच की, त्याचीही शिक्षा तीच.

११२ या आपत्कालीन मदतीच्या नंबरबद्दल थोडं, कारण त्या रात्री मी पहिला कॉल तिथंच केला होता. महाराष्ट्रातला ११२ चा कॉल नवी मुंबईच्या केंद्रात जातो, त्याला जोड नागपूरचं केंद्र. तिथून जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात आणि मग जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर. त्यामुळे "पवारांच्या वस्तीवर या" एवढं सांगून भागत नाही, समोरच्याला पवारांची वस्ती माहीत असायचं कारण नाही. तालुका, गाव, मग ठळक खूण: शाळा, दूध डेअरी, पाण्याची टाकी. माझ्याशी बोललेल्या मुलीनं शांतपणे सगळं विचारून घेतलं, कॉल ठेवल्यावर गाडीतल्या हवालदारांचाच फोन आला आणि वीसेक मिनिटांत गाडी ओट्यासमोर. आमच्या रस्त्यांच्या मानानं हे चांगलंच. नंबर आणि कॉल नोंदले जातात, तेव्हा दारू पिऊन "बॉम्ब ठेवलाय" म्हणणाऱ्यांनी आपण सापडणार नाही या भ्रमात राहू नये.

पिकअपच्या ड्रायव्हरनं तक्रार दिली नाही. रोज याच रस्त्यानं जायचंय म्हणाला. पोल्ट्रीवाल्यानं त्याला नवा शर्ट दिला, तो त्याला आखूड होता.

यंत्रणेला एकूण पाचपैकी चार देईन. गावोगाव प्रात्यक्षिकं होतात त्यात संदेश कसा द्यायचा ते शिकवतात, तिथंच दहा मिनिटं या कलमांना दिली तर पाचवा ताराही देते. तोवर आमच्या गावापुरता मी संदेशाचा नमुना लिहून ग्रामपंचायतीच्या फलकावर, रेशन दुकानात आणि डेअरीत चिकटवलाय. ज्याला हवा त्यानं उतरवून घ्यावा:

"मी अमुक, अमुक वस्तीवरून बोलतोय. इथं अनोळखी गाडी उभी आहे. मी एवढंच बघितलंय. ११२ ला कॉल केलाय. बॅटऱ्या घेऊन या, रस्त्यावर थांबा, गाडीचा नंबर लिहून घ्या. कुणाच्या अंगाला हात लावू नका."