सीताबर्डीच्या थ्रीडी प्रिंटवाल्याकडून सोमुआ एस-३५: ओतकाम जमलं, पट्टे नाही जमले

माझी नोकरी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, पॅटर्न शॉपमध्ये झाली. सागाचे पॅटर्न (ज्यावरून ओतकामाचा रेतीचा साचा घेतात तो लाकडी नमुना), कोअर बॉक्स, ड्राफ्ट, फिलेट यातच हात घडला. सीताबर्डीला मोदी नंबरच्या गल्लीतल्या या दुकानाबद्दल लिहितो आहे ते त्याच नजरेने. इथे मोबाइल स्टँड आणि नावाच्या पाट्या बनवून घ्यायला येणारे पुष्कळ आहेत, त्यांना माझं लिहिणं जरा लांबलचक वाटेल. पण मॉडेल करून घ्यायचं असेल तर वाचा.

मी बनवून घेतला तो सोमुआ एस-३५, फ्रेंच घोडदळाचा रणगाडा. १९३४ च्या जूनमध्ये घोडदळाने ४० मिमी कवचाची मागणी पुढे केली आणि पॅरिसला लागून असलेल्या सँ-तुआँच्या सोमुआ कंपनीने, म्हणजे श्नायडरच्याच घरच्या कंपनीने, १९३५ च्या एप्रिलमध्ये पहिला नमुना उभा केला. मार्च १९३६ मध्ये तो स्वीकारला गेला. साडेएकोणीस टन वजन, १९० अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर. हे आकडे कुठेही सापडतात. मला ओढ आहे ती त्याच्या अंगाची, कारण हा गाडा जवळजवळ अख्खा ओतीव आहे.

त्या काळी बरेच रणगाडे जाड प्लेटा रिव्हेटने जोडून करत. बाहेरून गोळा बसला की रिव्हेटचं डोकं तुटून आतल्या माणसाला लागायचं. सोमुआवाल्यांनी चार मोठी ओतकामं केली. तळ डावा आणि उजवा असा उभा दोन भागांत, त्यावर पुढचा भाग आणि मागचा भाग, आणि सगळं बोल्टने आवळलेलं. टरेट, म्हणजे वरचा तोफेचा फिरता भाग, वेगळं, तेही एका ओतात. पोलाद थंड होताना शंभराला दोन या हिशेबाने आकसतं. पाच मीटरच्या तळाला म्हणजे दहा सेंटीमीटर! तेवढं पॅटर्नमध्ये आधीच वाढवून ठेवायचं, जाड-पातळ जिथे मिळतं तिथे तडा जाऊ द्यायचा नाही, आणि शेवटी दोन्ही अंगं एकमेकांना तोंडाला तोंड बसली पाहिजेत. असे चारशेच्या वर गाडे त्यांनी १९४० च्या जूनपर्यंत काढले. ज्याने एकदा तरी मोठ्या ओतकामाचा साचा उघडला आहे, त्याला यातली मेहनत सांगावी लागत नाही.

म्हणून माझी अट एकच होती. बॉडी चार तुकड्यांत छापायची, खऱ्या गाड्यासारखी, आणि सांध्यावरचे बोल्ट दिसले पाहिजेत. फाइल भाच्याने ऑनलाइन विकत घेऊन दिली होती, पण तिच्यात बॉडी सलग होती. काउंटरवरच्या पोराने ती कॉम्प्युटरवर फिरवून पाहिली आणि म्हणाला, "काकाजी, एकाच पीसमधी काढलं तं स्वस्त पडते. हे सांधे कायले ठेवता?"

मी त्याला सांधे का पाहिजेत ते सांगितलं. याच सांध्यात या गाड्याची कमजोरीही आहे. पुढचा आणि मागचा भाग जिथे मिळतात तिथे गोळा नेमका बसला तर जोड उकलायची भीती असे. तो सांधा बुजवला तर मॉडेल दिसायला छान, पण गाडा खोटा. पोराने ऐकून घेतलं, मग स्वतःच बोलला, "मंग हे फिलामेंटमधी नाही निघत जी, रेझिन लागन. बोल्ट एक मिलिमीटरच्या आत आहेत." (फिलामेंट म्हणजे वितळवून थर देतात ती प्लॅस्टिकची तार, रेझिन म्हणजे उजेडाने घट्ट होणारा द्रव, त्यात बारीक काम उतरतं.) आणि फाइल चार भागांत कापून द्यायचे वेगळे पैसे घेतले नाहीत. गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते समजून घेणारा कारागीर मिळणं सोपं नाही, या पोराचं मनापासून कौतुक आहे.

आता माल. १:३५ मापात लांबी १५४ मिमी, रुंदी साठच्या आसपास. कॅलिपर लावून पाहिलं, बरोबर आहे. तळाचे दोन्ही अर्धे भाग कानस न मारता बसले. नाकाचा गोलवा आणि टरेटखालचा उतार सुरेख उतरलाय. बोल्टची डोकी मोजता येतात. सपोर्टच्या, म्हणजे छापताना तुकड्याला दिलेल्या टेकूंच्या, खुणा त्यांनी आतल्या बाजूला घेतल्या, हे काम विचार करून केलेलं आहे.

टरेटवर मात्र थर दिसतात. घुमटासारख्या भागावर आडव्या रेषा, उजेडात धरलं की लगेच कळतं. तुकडा जरा तिरपा लावून छापला असता तर त्या इतक्या दिसल्या नसत्या. मी बारीक पॉलिश पेपर मारला आणि वर पातळ पुटी ब्रशने ठोकून ठोकून लावली, कारण ओतीव कवच गुळगुळीत नसतं, रेतीच्या साच्याची खरबरी त्यावर राहते.

या टरेटवर थोडं जास्त बोलतो, कारण गाड्याचं नशीब तिथेच अडकलं. आत एकच माणूस, म्हणजे कमांडर. त्यानेच पाहायचं, त्यानेच ४७ मिमीची तोफ भरायची, नेम धरायचा, मारायचं, आणि सोबत ड्रायव्हरला हुकूमही द्यायचे. खालचा वायरलेसवाला फार तर गोळा वर सरकवणार. वायरलेसही बऱ्याच गाड्यांत नव्हताच. टरेटवरच्या बघायच्या छोट्या घुमटीला झाकण नाही, डोकं बाहेर काढून बघायची सोय नाही. मागच्या झाकणावर बसता येतं, पण लढाई सुरू झाल्यावर तिथे कोण बसणार? १२ ते १४ मे १९४० ला बेल्जियममध्ये हन्नूतला हे गाडे जर्मनांच्या तिसऱ्या आणि चौथ्या पॅन्झर (रणगाडा) डिव्हिजनसमोर उभे राहिले. समोर बहुतेक हलके पॅन्झर १ आणि २. गाड्याला गाडा लावून पाहिला तर सोमुआ वरचढ होता, कवचात आणि तोफेतही. पण जर्मन एकमेकांशी बोलत, एकत्र येऊन एका जागी तुटून पडत, आणि इकडे प्रत्येक कमांडर आपापल्या लोखंडात एकटा. पुढे जर्मनांनी पकडलेले सोमुआ स्वतः वापरले, तेव्हा काहींची घुमटी कापून झाकण बसवलं. कारागिराला यातून कळायचं ते कळतं. एवढं उत्तम ओतकाम त्या एका खुर्चीने अडवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पट्टे, म्हणजे चाकांवरून फिरणारे कड्यांचे साखळीपट्टे, आणि चाकं यांना मी निम्मे मार्क देईन. प्रत्येक बाजूला नऊ छोटी चाकं आहेत, आठ जोडीजोडीने पट्टीच्या स्प्रिंगवर आणि शेवटचं कॉइल स्प्रिंगवर. प्रिंटमध्ये स्प्रिंगच्या पट्ट्या एकमेकींत मिसळून ठोकळा झाल्या आहेत. बाजूच्या पत्र्याने बरंच झाकलं जातं म्हणून चाललं. पट्ट्याच्या कड्या जाड आहेत, आणि वळणावर दोन तुटल्या. दुकानात नेऊन दाखवल्या तर लगेच दुसऱ्या छापून दिल्या, पण जाडी तीच.

तोफेची नळी वाकडी आली. ४७ भागिले ३५ म्हणजे भोक १.३ मिमीचं. एवढी बारीक नळी रेझिनमध्ये सरळ राहणं कठीणच. इतवारीतून पितळेची नळी आणून बसवली, आता झकास दिसते. तुम्हीही नळी छापायला सांगूच नका, ते पैसे वाचवा.

एकूण ३,८०० रुपये लागले, रंग माझा. तयार प्लॅस्टिक किट मागवलं असतं तरी चाललं असतं, पण चार ओतकामं वेगवेगळी हातात घेऊन पोरांना दाखवता आली नसती. माझ्याकडे पॅटर्नमेकिंग शिकायला दोन पोरं येतात. बोल्ट न लावता तुकडे त्यांच्यासमोर ठेवतो आणि विचारतो, पार्टिंग लाइन (साच्याच्या दोन भागांची जोडरेषा) कुठे घ्याल, रायझर (ओत आकसताना लागणाऱ्या जादा धातूचा साठा) कुठे ठेवाल. तासभर कसा जातो कळत नाही.

जायचं तर संध्याकाळी पाचनंतर जा, दुपारी मशीनवाला पोरगा नसतो. गाडी लावायला गल्लीत जागा नाही. टरेट तिरपं छापायला आधीच सांगा. आणि मे महिन्यात माल घेतला तर स्कूटरच्या डिक्कीत ठेवून उन्हात फिरू नका. नागपूरच्या उन्हात रेझिनचे पातळ भाग मऊ होऊन वाकतात. कापडात गुंडाळून सोबत थैलीत घ्या आणि सरळ घरी या.