इंक टँक प्रिंटर काही महिने वापरल्यावर: पानामागचा खर्च बाजूला ठेवून आधी काय बघावे

घरच्या लॅपटॉपला रंगीत प्रिंटर जोडायचा म्हटले की बाटलीने शाई भरायच्या टाकीवाल्या प्रिंटरचाच विचार आधी होतो, आणि तो योग्यच आहे. कार्ट्रिजच्या तुलनेत त्याचे पान इतके स्वस्त पडते की त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण सगळेच टाकीवाले प्रिंटर स्वस्तात छापतात, त्यामुळे दोन मॉडेलांपैकी कोणते घ्यायचे हे त्या आकड्यावरून ठरत नाही. अर्ज, अभ्यासाच्या नोट्स, रंगीत तक्ते, मधूनच फोटो असे मिश्र काम काही महिने केल्यावर ठाम मत झाले आहे ते असे: हेड (शाई कागदावर उडवणारा भाग) कोणत्या जातीचे आहे, काळी शाई कोणती आहे आणि वाया जाणारी शाई साठते तो भाग घरी बदलता येतो का, या तीन गोष्टी आधी बघाव्यात. पानांचा वेग, डीपीआय (एका इंचात किती ठिपके), ॲप वगैरे त्यानंतर.

हा अनुभव चार टाक्यांच्या, प्रिंट-स्कॅन-कॉपी करणाऱ्या, यूएसबी आणि वाय-फाय दोन्ही असलेल्या साध्या श्रेणीतल्या यंत्राचा आहे.

हेड

शाई कागदावर उडवण्याच्या दोन पद्धती आहेत. एपसन आणि ब्रदरच्या प्रिंटरांत पिएझो हेड असते: वीज दिली की स्फटिकाचा पातळ थर वाकतो आणि थेंब बाहेर ढकलला जातो. कॅनन आणि एचपीच्या घरगुती प्रिंटरांत थर्मल हेड असते: नोझलमागचा (शाई बाहेर पडते त्या बारीक छिद्रामागचा) सूक्ष्म हीटर क्षणभर तापतो, शाईत वाफेचा बुडबुडा तयार होतो आणि थेंब उडतो. पिएझोत शाई तापत नाही, त्यामुळे हेड खूप टिकते. मात्र ते यंत्रातच पक्के बसवलेले असते. आत शाई वाळून कडक झाली आणि क्लीनिंगने, म्हणजे शाई ओढून हेड साफ करण्याच्या प्रिंटरमधल्याच सोयीने, सुटली नाही, तर सर्व्हिस सेंटरखेरीज इलाज नाही, आणि नव्या हेडचा खर्च प्रिंटरच्या किमतीच्या बऱ्यापैकी जवळ जातो. थर्मल हेड मुळातच झिजणारा भाग आहे. पण या दोन कंपन्यांच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलांत काळ्याचे एक आणि रंगांचे एक अशी दोन हेडे झाकण उघडून हातानेच काढता-घालता येतात.

म्हणून स्वतःची छपाई कशी आहे ते आधी नीट आठवून पाहावे. रोज किंवा दिवसाआड काहीतरी छापले जात असेल, तर पिएझो उत्तम. सुटीत महिनाभर यंत्र बंद राहणार असेल, तर काढता येणारे हेड असलेले मॉडेल घ्या आणि त्या हेडचा पार्ट नंबर मॅन्युअलमध्ये दिलेला आहे ना, तो सुटा विकत मिळतो ना, हे खरेदीआधीच तपासा. आणि महिन्याला दहा-वीस काळी पाने एवढेच काम असेल तर टाकीवाला प्रिंटर घेऊच नये. त्या कामाला मोनो लेझर (फक्त काळे छापणारा लेझर प्रिंटर) बरा, कारण त्यातला टोनर ही पूड असते. ती वाळत नाही.

काळी शाई

याकडे खरेदीच्या वेळी बहुतेकांचे दुर्लक्ष होते. डाय शाई म्हणजे द्रवात पूर्ण विरघळलेला रंग. ती साध्या कागदाच्या तंतूंत पसरते, अक्षरांच्या कडा किंचित मऊ दिसतात आणि ओला हात लागला किंवा वरून हायलायटर फिरवला की रंग ओघळतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक कण असतात, ते कागदाच्या वरच्या थरात राहतात. अक्षर गडद, टोकदार आणि पाण्याला बरेच टिकाऊ. एपसनच्या सुरुवातीच्या श्रेणीत चारही शाया डाय असलेली मॉडेले बरीच आहेत. कॅननच्या जी मालिकेतल्या चाररंगी प्रिंटरांत आणि एचपी स्मार्ट टँकमध्ये काळी साधारणपणे पिगमेंट असते.

अर्ज, करारपत्रे, अभ्यासाच्या नोट्स हे मुख्य काम असेल तर पिगमेंट काळी असलेलाच प्रिंटर घ्यावा, यात मला शंका नाही. फोटोंचे गणित उलटे आहे. पिगमेंट काळी चकचकीत फोटो पेपरवर नीट बसत नाही, म्हणून तिथे प्रिंटर ती वापरतच नाही. निळा, गुलाबी आणि पिवळा मिसळून काळा तयार करतो. सावलीचे भाग त्यामुळे थोडे कमी खोल दिसतात आणि रंगांच्या टाक्या भराभर उतरतात. चारही डाय असलेल्या यंत्रात काळी फोटोतही वापरली जाते.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पिगमेंटच्या टाकीत डाय किंवा डायच्या टाकीत पिगमेंट कधीही ओतू नये. दोन्ही मिसळल्या तर गुठळ्या होऊन नोझल बुजू शकतात. बाहेरची स्वस्त शाई घेतानाही आधी जात पाहावी, मग रंग.

बाटलीवरचे आकडे

एपसनच्या साध्या श्रेणीत काळी बाटली ६५ मिलिलिटरची आणि दावा सुमारे ४५०० पानांचा. कॅननच्या जी मालिकेत काळी १३५ मिलिलिटर आणि दावा सुमारे ६००० पानांचा. भागाकार केला तर पहिल्यात पानामागे ०.०१४ मिलिलिटर, दुसऱ्यात ०.०२२. म्हणजे मोठी बाटली दिसली म्हणून त्याच प्रमाणात जास्त पाने निघतील असे नाही. हे दावे ठरावीक चाचणी-पानांवर, सलग छपाई करून मोजलेले असतात आणि त्या पानांवर शाई कमीच लागते. गडद पार्श्वभूमीची स्लाइड छापली तर तिला त्या पानाच्या कितीतरी पट शाई लागते. पीडीएफ छापण्याआधी पार्श्वभूमी पांढरी करता आली तर करावी. ड्राफ्ट मोडपेक्षा (फिक्या, कमी शाईच्या छपाईपेक्षा) त्यानेच शाई जास्त वाचते.

पहिल्या भरणीतली बरीच शाई नळ्या आणि हेड भरण्यातच जाते. त्यामुळे बॉक्समधल्या बाटल्या दाव्यापेक्षा लवकर संपल्या तर त्यात बिघाड काही नाही. ही पहिली भरणी दहा-वीस मिनिटे चालते. त्या वेळात वीज जाणार नाही अशी वेळ निवडा आणि मध्येच बटण दाबू नका.

पुढे शाई भरताना वरच्या रेघेच्या वर जाऊ नये आणि खालच्या रेघेखाली पातळी उतरू देऊ नये. खाली उतरली की नळीत हवा शिरते आणि ती काढण्यासाठी क्लीनिंगमध्ये पुष्कळ शाई जाते. लॅपटॉपवर दिसणारी शाईची पट्टी बहुतेक साध्या मॉडेलांत नुसता हिशोब असतो, टाकीत डोकावून मोजलेले नसते. भरल्यावर प्रिंटर पातळी रीसेट करायला सांगतो तेव्हा टाकी खरोखर वरच्या रेघेपर्यंत भरलेली हवी, नाहीतर तो हिशोब कायमचा चुकतो. भरवसा डोळ्यांनी दिसणाऱ्या पातळीवरच ठेवावा.

पट्टे आले तर

छपाईत आडवे पांढरे पट्टे किंवा एखादा रंगच गायब, ही या प्रिंटरांची सर्वांत नेहमीची तक्रार. लगेच क्लीनिंग सुरू करू नका. आधी नोझल चेकचे पान काढा. त्यावर प्रत्येक रंगाच्या बारीक रेघांची जाळी येते. रेघ तुटलेली असेल तरच हेड अडकले आहे. जाळी अखंड असूनही छपाई खराब असेल तर दोष दुसरीकडे आहे: उभ्या रेषा दुहेरी दिसत असतील तर हेड अलाइनमेंट (हेडची जुळणी) करावे किंवा ड्रायव्हरमधला (लॅपटॉपवरच्या प्रिंटर सॉफ्टवेअरमधला) हेड जाता-येता दोन्ही दिशांनी छापण्याचा पर्याय बंद करावा, रंग फिके असतील तर कागदाचा प्रकार चुकीचा निवडला आहे का पाहावे.

जाळी तुटलेली असेल तर एक क्लीनिंग, मग पुन्हा नोझल चेक. तीन फेऱ्यांत सुधारले नाही तर थांबा. प्रिंटर बंद करून किमान १२ तास तसाच ठेवा आणि मग पुन्हा एक फेरी करा. या वेळात वाळलेली शाई मऊ होते आणि बुडबुडे हटतात. लागोपाठ क्लीनिंगने हे होत नाही, फक्त शाई वाया जाते. पॉवर क्लीनिंग किंवा डीप क्लीनिंग हा शेवटचा उपाय. त्याआधी टाक्या किमान एक तृतीयांश भरलेल्या हव्यात, नाहीतर यंत्र शाईऐवजी हवाच ओढते.

हे टाळण्याचा उपाय अगदी सोपा आहे. आठवड्याला एकदा नोझल चेकचे पान काढा. त्याला अगदी थोडी शाई लागते आणि चारही रंगांची सगळी नोझले चालवली जातात. दुसरे, प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करा, भिंतीवरच्या स्विचने नाही. बटण दाबल्यावर हेड बाजूला जाऊन रबरी टोपीवर बसते आणि नोझले झाकली जातात. छपाईच्या मध्येच वीज तोडली तर हेड उघडे राहते आणि वाळते. हेड खराब होण्याचे हे मोठे कारण आहे, आणि माहितीपत्रकात ते अगदी बारीक अक्षरांत असते.

वाया जाणारी शाई

प्रत्येक क्लीनिंगमधली शाई तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते. किती गेली याचा हिशोब प्रिंटर ठेवतो आणि मर्यादा आली की छपाई थांबवतो, टाक्या भरलेल्या असल्या तरी. बिनबॉर्डर फोटो छापताना कागदाच्या कडेबाहेर उडणारी शाईही शोषक पॅडमध्येच जाते, म्हणून फोटो जास्त छापणाऱ्यांचे पॅड लवकर भरते. काही मॉडेलांत हा भाग मेंटेनन्स बॉक्स किंवा मेंटेनन्स कार्ट्रिज या नावाने सुटा मिळतो आणि काही मिनिटांत घरीच बदलता येतो. बाकीच्यांत यंत्र सर्व्हिसला न्यावे लागते. दोन मॉडेलांत बाकी सगळे सारखे असेल तर मी डोळे झाकून बदलता येणारा बॉक्स असलेले मॉडेल घेईन.

लॅपटॉपशी जोडणी

बहुतेक साधे प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतात. राउटरवर ५ गिगाहर्ट्झचे वेगळे नाव असेल तर प्रिंटरला ते दिसणारच नाही. लॅपटॉप ५ वर आणि प्रिंटर २.४ वर असला तरी चालते, राउटर एकच हवा. गेस्ट नेटवर्कवर मात्र दोघे एकमेकांना सापडत नाहीत.

चालू असलेला प्रिंटर विंडोजमध्ये ‘ऑफलाइन’ दिसतो, याचे नेहमीचे कारण म्हणजे राउटरने त्याला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा पत्ता राखून ठेवा. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमधल्या पोर्ट्समध्ये जाऊन त्याच पत्त्याचा स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट जोडा आणि विंडोजने आपोआप जोडलेला डब्ल्यूएसडी पोर्ट सोडून द्या. एवढे केले की बहुधा ही कटकट मिटते. पहिल्या सेटअपसाठी यूएसबी केबल हाताशी असावी. काही मॉडेलांच्या बॉक्समध्ये ती येते, काहींच्या नाही.

कागद, फोटो, स्कॅन

साध्या कामाला ७५ ते ८० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) कागद पुरेसा आहे. दमट हवेत उघडा पडलेला गठ्ठा वाकतो आणि दोन-दोन पाने ओढली जातात, म्हणून लागेल तेवढाच कागद ट्रेमध्ये ठेवा. कागदाच्या दोन्ही बाजूंवर आपोआप छपाई साध्या श्रेणीत सहसा नसते. पाने हाताने उलटताना पहिल्या बाजूची शाई वाळू द्या, आणि आधी दोनच पाने छापून कोणती बाजू वर ठेवायची ते पक्के करा.

फोटो लॅपटॉपवर दिसतो त्यापेक्षा काळपट छापला जातो, कारण पडद्याची ब्राइटनेस बहुधा फार जास्त ठेवलेली असते. आधी ती निम्म्यावर आणा. फोटो एसआरजीबीतच (पडद्याच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) ठेवा, सीएमवायकेत (छापखान्याच्या चार शायांच्या रंगपद्धतीत) बदलू नका; घरगुती ड्रायव्हर आरजीबीच घेतो आणि शायांचे मिश्रण स्वतः करतो. कागदाचा प्रकार ड्रायव्हरमध्ये अचूक निवडणे ५७६० डीपीआयच्या दाव्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे, कारण किती शाई सोडायची हे त्यावरूनच ठरते.

स्कॅनर कागदपत्रांना उत्तम आहे: मजकुराला २०० ते ३०० डीपीआय, जुन्या फोटोंना ६००. फक्त त्याची फोकसची खोली कमी असते, म्हणून जाड पुस्तकाच्या शिवणीजवळचा मजकूर धूसर येतो. तिथे पुस्तक हलकेच दाबून धरावे.

यंत्र दुसऱ्या खोलीत हलवायचे असेल तर आडवेच उचला, तिरके करू नका. लांब न्यायचे असेल तर टाक्यांची बुचे घट्ट लावा, वाहतुकीसाठीचा लॉक असेल तर तो फिरवा, यंत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून सपाट ठेवा आणि पोचल्यावर छपाईआधी नोझल चेक काढा.